टपालपेटीवरचं नाव

मशीननं कार्ड परत दिलं, पैसे काही दिले नाहीत.

"पुन्यांदा घाल," आई म्हणाली. "कधी कधी रुसतंय ते."

मी पुन्हा घातलं. आईनं सवयीप्रमाणं पदराचा आडोसा करून आकडे दाबले. तिचे ते चार आकडे चोरायला सबंध जर्मनीत कोणी टपलेलं नव्हतं. आमच्या मागं एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उभा होता तेवढाच. पण आईचा पदर काही खाली आला नाही. मशीननं पुन्हा तीच पाटी दाखवली. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मुदत सप्टेंबरात संपली होती, आणि आज ऑक्टोबरची चार तारीख.

"आई, कार्ड संपलंय."

"संपलंय म्हंजे? पैसं हायत की खात्यात."

"पैसे आहेत गं. कार्डाची मुदत संपली. बँक नवं पाठवते, पण ते आपल्या वडूजच्या घरी येणार."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. लुगड्यावर माझ्या नवऱ्याचा, रणजितचा जुना स्वेटर, पायात माझे बूट, असा तिचा अवतार होता. एरवी मी हसले असते.

"मग आक्काकडं कशी जाऊ मी?" ती म्हणाली.

आदल्याच दिवशी उत्तमदादाचा फोन आला होता. उत्तमदादा म्हणजे माझ्या मावशीचा, आक्काचा मुलगा. आक्काच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, महिना काढेल, फार तर दीड. आणि त्या जड जिभेनं आक्का दिवसातून दहा वेळा एकच विचारत होती, "मालन आली?"

मालन म्हणजे माझी आई. तिची आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि आक्का अकराची. आक्कानं शाळा सोडली आणि बहिणीला काखेला मारलं, ती तिचं लग्न होईपर्यंत खाली उतरवली नाही, असं आमच्याकडं सगळे म्हणायचे. आईच्या तोंडी देवाच्या आधी आक्काचं नाव यायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? लेक परदेशात, जावई इंजिनिअर, तिकिटाची तारीख बदलायला असा काय खर्च? तेच तर सांगते. माझी आई माझ्या बाळंतपणाला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडं दगडावरची रेघ. मला वडूजला जाता आलं नाही म्हणून माहेरच एस्लिंगेनला आलं. तेही स्वतःच्या खर्चानं. बाबा पंचायत समितीत कारकून होते. त्यांच्या मागं आईला जी पेन्शन मिळायची, तीतनं तिनं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. इथं आल्यावर डिंक, तूप, बाळाची झबली, सगळं तिच्या कार्डावर. रणजितनं एकदा दुकानात पाकीट काढलं, तर म्हणाली, "पाव्हणं, ठेवा ते आत. म्हायेरच्या बाळातपणाला जावयाचा पैसा लागला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

परतीचं तिकीट होतं नोव्हेंबरच्या अखेरीचं. ते आधीचं करून घ्यायला आम्ही त्या दिवशी पैसे काढायला गेलो होतो.

घरी येता येता मी म्हणाले, "आई, मी भरते ना पैसे. नंतर दे मला."

"लेकीकडनं उसनं घिऊ? पोरी, येडी झालीस का?"

"बरं बाई," मी म्हणाले. "मग कार्ड येऊ दे. उत्तमदादाला सांगू पाठवायला."

माझे पैसे ती नको म्हणणार हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी विचारलं, हे आज लिहून टाकते.

कारण माझंही एक अडलं होतं. रेवा तेव्हा चार आठवड्यांची होती. मला नव्या ठिकाणी नोकरी लागली होती, ती टिकवायची तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायलाच हवं होतं. ती जागा मिळवायला मी दोन वर्षं जर्मन भाषेशी डोकं फोडलं होतं. सासूबाई येणार डिसेंबरात. मधले तीन आठवडे आई गेली, तर बाळाला कोण बघणार? रणजित आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. त्याला मी आक्काचं सांगितलं, तर तो भला माणूस लगेच म्हणाला, "मी बदलून टाकतो तारीख. आईंना सांगूच नको."

"नको," मी म्हणाले. "तिला कळलं तर जन्मभर बोलणार नाही. तिच्या मानाचा प्रश्न आहे."

तिचा मान माझ्या असा कामी आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तमदादाचा फोन आला. कार्ड वडूजच्या घरी येऊन पडलं होतं. "मावशी, रजिस्टर करतो आजच. पत्ता सांग. पाव्हण्यांचं नाव घालू ना वर?"

"त्यांचं कशाला?" आई फोनवर ओरडूनच बोलायची. "कार्ड माझं, नाव माझंच घाल. मालन शामराव पिसाळ. आनि खाली रस्ता, नंबर, गाव."

मी मधे पडले. "आई, इथं टपालपेटीवर ज्याचं नाव, त्याचंच टपाल टाकतात. नाव नसलं की माघारी."

"असं कसं माघारी? मानूस घरात बसलंय की हितं."

"त्यांना काय ठाऊक?"

"इचारायचं की मग! आपला बाबू पोस्टमन नुसतं 'वडूज' लिवलं तरी बरोब्बर दारात आनून द्यायचा."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. खणात पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या. मी एकीवर ठळक अक्षरात पिसाळ लिहिलं आणि खाली जाऊन आमच्या टपालपेटीवर, महाडिक या आमच्या नावाखाली डकवलं. दुसरी पट्टी बाहेरच्या घंटीवर. बारा बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत खाली ओळीनं बारा पेट्या होत्या. आई माझ्या मागं मागं आली होती.

"काय लिवलंस?"

"तुझं नाव. पिसाळ."

तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिनं पट्टीवरनं बोट फिरवलं. "तुझ्या बाबांच्या पाटीवर 'शा. रा. पिसाळ' होतं. माझं नाव कुटं दारावर लागलं न्हाई बाई कधी," ती म्हणाली आणि लाजल्यासारखी हसली. मलाही बरं वाटलं. हे मी खरं सांगते, त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं. कार्ड यावं असंच वाटत होतं.

तिथला टपालवाला पिवळ्या सायकलवरून यायचा. उंच, लालबुंद नाकाचा. आईनं पहिल्याच आठवड्यात त्याला माझ्यातला एक डिंकाचा लाडू दिला होता. त्यानं तो उभ्या उभ्या खाल्ला आणि अंगठा वर केला. तेव्हापासून तो आईला बघून "ओमा!" म्हणून हाक मारायचा. ओमा म्हणजे आजी. आई त्याला "या बाबा" म्हणायची. त्याला मराठी कळत नव्हतं, हिला जर्मन. दोघांचं झकास चाललं होतं.

त्या आठवड्यात आईनं आपलं सामान बांधून ठेवलं. आक्कासाठी मऊ लोकरीचे मोजे घेतले होते, ते सगळ्यात वर.

शनिवारी रणजितच्या ऑफिसातले निंबाळकर बाळ बघायला आले. बायको, आई, सगळं लटांबर. भला माणूस, पण तोंडाला फाटक नाही. जिन्यातनंच ओरडत आला, "काय रे महाडिक, हे पिसाळ कोण आणि? भाडेकरू ठेवलास काय?"

रणजित हसला. "अरे, सासूबाईंचं नाव आहे. टपाल यायचंय त्यांचं."

"अरे बाप रे! म्हणजे दारावर सासरवाडीची पाटी! घरजावई झालास म्हण की!"

सगळे हसले. रणजितही हसला, मीही हसले. निंबाळकरांच्या आई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या आईकडं एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "चालायचंच. आता कोण मानतंय पूर्वीसारखं?"

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे ठेवला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत गेली. पाहुणे जाईस्तोवर बाहेर आली नाही.

"जीव गेला गं माझा," रात्री ती म्हणाली. "त्यांच्या मानसांत त्यांचा पानउतारा झाला माझ्यापायी."

"अगं, थट्टा होती ती."

"थट्टाच. पर घरजावई हा शबुद काय थट्टंचा न्हाई."

मग वाट बघणं सुरू झालं. आई दिवसातून तीनदा खाली जाऊन पेटीत डोकवायची. किल्ली कमरेला खोचलेली. वर आली की मी विचारायच्या आत मान हलवायची. संध्याकाळी उत्तमदादाला फोन. तो फोन आक्काच्या कानाला लावायचा.

"आक्का, मी मालन. ऐकू येतंय का? येते हां मी. कार्ड आलं की निघालेच बघ."

पलीकडनं नुसता श्वास. मग एकदा, अगदी ओढून काढल्यासारखं, "कवा?"

आईनं फोन माझ्याकडं दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडला. नळाच्या आवाजात तिचं रडणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. रेवा माझ्या अंगावर पीत होती. तिला काढून ठेवून मी आईपाशी जायला हवं होतं. गेले नाही.

दिवाळी झाली. आईनं रेवाला पहिली आंघोळ घातली, उटणं लावलं, औक्षण केलं. सगळं यथासांग केलं. फराळाला मात्र तिनं हात लावला नाही. पाच-सहा दिवसांनी म्हणाली, "वैजू, तू त्यांच्या हाफिसात जाऊन इचार की. कुटं अडकलंय?"

"विचारते," मी म्हणाले. विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला उत्तमदादाचा फोन आला. फोन मी घेतला. तो सायबर कॅफेत जाऊन रजिस्टरचा नंबर टाकून बघून आला होता. "वैजू, पाकीट माघारी निघालंय गं. पत्त्यावर त्या नावाचं कोणी नाही असा शेरा आहे. दोन आठवडे झाले त्याला. आता काय करू?"

आई समोर बसून रेवाची दुपटी घडी करत होती. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं.

"माघारी गेलं?"

"हो."

"नाव न्हाई म्हनून?"

"हो."

तिनं घडी केलेलं दुपटं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. रणजित त्या दिवशी घरी होता. त्यानं काही न विचारता संगणक उघडला आणि आईच्या तिकिटाची तारीख बदलायला घेतली. आईनंही त्याला या खेपेला अडवलं नाही. जागा मिळाली पाच तारखेची. चारला पहाटे आक्का गेली.

आई भिंतीला टेकून खाली बसली. ती मोठ्यानं रडेल, ऊर बडवेल असं मला वाटलं होतं. रणजितनं पाणी आणलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

"पाव्हणं," ती म्हणाली, "ते तिकीट ऱ्हाऊ द्या आता. होतं त्या तारखंलाच जाईन. तिकडं आता कुनाला घाई हाय माझी?"

रणजित बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला.

"वैजू, तुला एक सांगायचं हाय. रागावू नको."

"सांग ना."

"ती पट्टी मीच काढली गं."

मी झोपलेल्या रेवाकडं पाहिलं.

"ते निंबाळकर येऊन गेलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी खाली गेले आनि नखानं दोन्ही पट्ट्या खरवडून काढल्या. जावयाच्या दारावर सासूचं नाव, लोक हसत्यात. वाटलं, तो पिवळ्या सायकलवाला मला वळखतो की. रोज हाक मारतो. माझं पाकीट आलं तर तो मला देनार न्हाई का? वर घेऊन येईल, न्हाईतर मीच असते की खाली." तिनं नखांकडं पाहिलं. "त्याला माझं नाव ठावं नव्हतं, वैजू. लाडू खाल्ला, पर नाव कुटं सांगितलं मी त्याला?"

मग ती रडली. कपाळावर हात मारून घेत रडली. "मीच मारली आक्काला. कवा कवा करत गेली बिचारी. माझ्याच हातानं, ह्या नखांनी..."

मी तिचे हात धरले. रेवा जागी होऊन तीही रडायला लागली. आईनं डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या ध्यानात कसं आलं न्हाई गं? नाव न्हाई ते?"

आता खरं लिहिते. आलं होतं माझ्या ध्यानात. आईनं पट्टी काढली त्याच दिवशी दुपारी मी रेवाला बाबागाडीत घालून खाली उतरले होते. पेट्यांसमोरून गेले. महाडिकच्या खाली डिंकाचा एक मळकट पट्टा राहिला होता आणि पांढऱ्या कागदाचे दोन तुकडे चिकटलेले होते. कोणी काढलं आणि का काढलं, हे मला एका क्षणात उमगलं. पट्ट्यांचा गठ्ठा वर खणात होता. जिना चढून खाली यायला दोन मिनिटं लागली असती. मी तिथं उभी राहिले आणि मनात हिशेब मांडला की कार्ड नाही आलं तर आई नोव्हेंबरअखेरपर्यंत इथंच आहे. आक्का काय, डॉक्टर दीड महिना म्हणालेत, दोनही काढेल, तोवर आईचं तिकीट येतंच आहे. आणि नाव मी कुठं काढलंय? मी फक्त लावलं नाही. असा विचार करून मी बाबागाडी पुढं ढकलली. नदीपर्यंत फिरून आले. नंतर रोज त्या पेटीसमोरून गेले. आई दिवसातून तीनदा रिकामी परत यायची आणि मी तिला म्हणायचे, "येईल गं, टपालाला वेळ लागतो."

"वैजू?" आईनं पुन्हा विचारलं.

"नाही आई," मी म्हणाले. "लक्षच नाही गेलं माझं."

तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला. तिला वाटलं, मी आक्कासाठी रडतेय.

"तुझं कसं जाईल?" ती म्हणाली. "तू ओली बाळातीन. तुझं ध्यान लेकराकडं. तुला बोल लावला तर जीभ झडंल माझी."

त्यानंतर आई आठ वर्षं होती. दर वर्षी आक्काच्या तिथीला मी सुट्टी काढून वडूजला जायचे. जेवणं उरकली की आई आल्या-गेल्याला ती पट्टीची गोष्ट सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "माझी अक्कल शेन खायाला गेलती. माझी वैजू बिचारी किती धीर देत होती मला." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. दर वर्षी घरातून निघताना ठरवून जायचे की यंदा सांगायचं. दर वर्षी ताटं उचलत बसायचे. शेवटच्या आजारपणात एकदा मी तिच्या उशाशी बसून "आई, ती पट्टी..." एवढं म्हणालेसुद्धा. तिनं डोळे मिटूनच माझा हात थोपटला, "जाऊ दे आता. तू नको मनाला लावून घिऊ. चूक माझी हुती." मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि उठले.

आक्का गेली त्या दिवशी आईनं आंघोळ केली, थोडा वेळ खिडकीशी बसली. मग रेवाला तेल लावायची वेळ झाली तशी उठली, पाणी तापवलं, पाय पसरून तिला पायांवर घेतलं. "नोकरीवर कवा जायचंय तुला?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"मग जा बिनघोर. मी हाय की हितं."

सोमवारी मी कामावर हजर झाले.